आकांक्षाचा कबुलीजबाब

नववी 'ब'ची आकांक्षा म्हणजे रागिणी मॅडमच्या डोक्याला ताप होता. अमरावतीच्या त्या शाळेत मॅडम मराठी शिकवत. धडा वाचायची पाळी बाकावरून बाकावर सरकत आली, की हिच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. मधेच मांजराचा आवाज काढ, पुढच्या मुलीची वेणी ओढ, नाहीतर सरळ उलट उत्तर दे. मॅडमही काही कमी नव्हत्या. "ऊठ, हो बाहेर!" म्हणायला त्यांना मिनिटभरही लागत नसे. जुलैपासून जानेवारीपर्यंत हाच खेळ चालला.

मग वर्गातला स्मार्ट टीव्ही फुटला. शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. सोमवारी पहिल्याच, मराठीच्या तासाला मुख्याध्यापक ओमप्रकाश सर कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "शनिवारी शाळा सुटल्यावर कोण कुठं होतं, काय पाहिलं, सगळ्यांनी अर्धं पान लिहा. माझ्यासमोर." कागद तिसऱ्या बाकापर्यंत पोचले आणि आकांक्षा उभी राहिली.

"सर, टीव्ही मी फोडला."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मॅडमना नवल नाही वाटलं. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. एकदाची ब्याद टळेल! सरांनी लगेच तिची टीसी तयार करायला सांगितली आणि आईला फोन लावला.

आशाबाई नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून धावत आल्या. सगळं ऐकलं मात्र, त्यांचा आवाज चढला. "शनवारी? शनवारी तं शाळा सुटल्या सुटल्या मी तिले दवाखान्यात नेलं होतं, सर! पुस्तकातले अक्षरं हालतात म्हने, म्हनून डोळे दाखवाले. दुपारभर तिथंच होतो आमी. हा पाहा कागद."

सरांनी कागद दोनदा वाचला. तारीख, वेळ, शिक्का. खाली 'डोळे उत्तम' असा शेरा. आता त्यांचाच चेहरा उतरला. "मग न केलेला गुन्हा कबूल काहून केला गं?"

आकांक्षा फरशीकडे बघत राहिली.

"बरं, टीसी रद्द," सर म्हणाले. "टीव्हीचं पाहू आम्ही. पण तू खोटं बोललीस. चार ओळींचा माफीनामा इथंच लिही आणि जा वर्गात." त्यांनी कागद-पेन पुढं सरकवलं.

ऐन थंडीत पोरीच्या कपाळावर घाम फुटला. पेनाला तिनं हातही लावला नाही.

"सर," ती म्हणाली, "टीसीच द्या."

बाजूलाच उभ्या असलेल्या रागिणी मॅडमना एकदम उलगडा झाला. गेल्याच वर्षी त्या डिस्लेक्सियाच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. डोळे आणि डोकं दोन्ही चांगलं असूनही काही मुलांना अक्षरं लागत नाहीत, मग ती वाचन-लेखन टाळायला दंगा करतात, हे सगळं ऐकून, समोसा खाऊन, सही करून परतल्या होत्या. आणि ही पोरगी अर्धं पान लिहावं लागू नये म्हणून सगळ्या वर्गासमोर गुन्हेगार ठरली होती. कबुलीला नुसतं तोंड पुरत होतं. आता चार ओळींच्या भीतीनं ती शाळाच सोडायला निघाली होती. मॅडमना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तिला लिहिता येत नाही, सर," त्या कशाबशा म्हणाल्या. "सात महिने माझ्या वर्गात आहे आणि मला कळलं नाही."

सरांनी कागद मागे घेतला. आशाबाई मटकन खुर्चीत बसल्या.

व्हरांड्यात मॅडमनी आकांक्षाचा हात धरला. "रोज तुला वर्गाबाहेर काढायची मी. माझा फार राग येत असेल ना?"

आकांक्षानं नवलानं त्यांच्याकडे पाहिलं. "नाई, मॅडम. तुमीच तं सगळ्यात बऱ्या. बाकीचे सर वाचाले लावतात. तुमी लगेच बाहेर काढता."