मी झोपलो नव्हतो

सुज्ञ वाचकहो, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, रशियातील समारा शहरी, हातात फावडे असताना मी रशियन भाषा कशी शिकलो, तिच्यातील पहिले पूर्ण वाक्य कोणासमोर आणि कोणत्या कारणास्तव उच्चारले, आणि त्यामुळे माझ्यावर कोणते प्रसंग ओढवले, हे सर्व मी पुढे क्रमवार निवेदन करणार आहे. माझे शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंत झालेले आहे. तथापि जे जसे घडले ते तसेच लिहिण्याचा माझा निर्धार आहे. त्यात कोणाचा मुलाहिजा ठेवलेला नाही, माझा स्वतःचाही नाही.

मी ताजिकिस्तानातील पंजकंदजवळच्या एका खेड्यातील रहिवासी. गेली नऊ वर्षे समाऱ्यात इमारतींची अंगणे राखतो. उन्हाळ्यात झाडू, हिवाळ्यात फावडे आणि बर्फ फोडण्याची पहार. आमच्या विभागात माझ्यासारखे अकरा ताजिक आहेत. कामासोबत तळघरातील एक खोली मिळते. तीत मी आणि माझी पत्नी ओयशा राहतो. काम गेले की खोली त्याच दिवशी रिकामी करावी लागते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व प्रसंगात मला त्या खोलीचीच धास्ती होती.

कामाच्या परवान्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते. तिची उत्तरे मी पाठ केली, दिली आणि विसरलो. उरले दोनच शब्द: 'हो' आणि 'माफ करा'. बाकीचे आमच्या वतीने लतीफ अका, म्हणजे थोरले भाऊ, बोलत. ते आमचे मुकादम, आमच्याच खोऱ्यातले, रशियनमध्ये तरबेज. फावडे हवे असो, वाळू हवी असो, रजा हवी असो, इमारतींचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत मागणे त्यांच्याच तोंडून जाई. कोणाकडून चूक झाली तर कचेरीला खुलाशाचा कागद द्यावा लागे. तोही तेच लिहीत आणि आम्ही खाली सही करत असू. त्या कागदांत काय असे, हे अकरांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

आता आमच्याकडची एक रीत सांगणे आवश्यक आहे. वडीलधारे माणूस रागावले की आम्ही उजवा हात छातीवर ठेवतो आणि मान लववतो. खरे-खोटे मागाहून, राग ओसरल्यावर, चहा घेताना सांगायचे असते. समोरच्याच्या रागात आपले म्हणणे घुसवणे हा आमच्यात उद्धटपणा समजतात. ही रीत मी समाऱ्याला घेऊन आलो होतो.

गेल्या शरद ऋतूत तिसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थांची सायकल नाहीशी झाली. ते खाली येऊन माझ्यावर पुष्कळ ओरडले. मी छातीवर हात ठेवला, मान लववली. ते थुंकून निघून गेले. हा प्रकार शेजारच्या अंगणातून सनवबर मुअल्लिमा पाहत होत्या. या बाईंनी पंजकंदच्या शाळेत तीस वर्षे रशियन शिकवले. निवृत्तीनंतर भागेना म्हणून इथे येऊन त्याही झाडू मारतात. आम्ही त्यांना अजून मुअल्लिमा, म्हणजे बाईच, म्हणतो.

"काय रे शरीफ, सायकल तू नेलीस?" त्यांनी विचारले.

"छे. मी कशाला नेऊ?"

"मग आत्ता कबूल का केलंस?"

"कबूल कुठे केलं? ते रागावले होते. मी मान दिला."

"त्यांनी विचारलं, चोर तूच ना? आणि तू छातीवर हात ठेवून मान डोलावलीस. फार छान मान दिलास."

सायकल दोन दिवसांनी त्या गृहस्थांच्या मेव्हण्याकडे सापडली. मला सांगायला कोणी आले नाही. अंगणातल्या लोकांच्या लेखी मी चोर होतो तो चोरच राहिलो. त्या रात्री मला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अवजारांच्या खोलीत जाऊन मुअल्लिमांना म्हणालो, "मला शिकवा."

वर्गात आम्ही दोघे होतो, मी आणि माझा सोबती फैझाली. हा माणूस मर्तिकातही विनोद करील. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मुअल्लिमा, आधी नमस्कार शिकवा."

"नमस्कार तुला येतो. सहा वर्षं तेवढंच करतोयस." असे म्हणून त्यांनी फळीवर खडूने पहिला शब्द लिहिला: न्येत. म्हणजे नाही.

अक्षरे ओळखीची होती, कारण आमची भाषाही त्याच लिपीत लिहितात. तो शब्द मात्र मी पुटपुटतच म्हटला.

"मोठ्यांदा," मुअल्लिमा म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणालो.

"अरे, दाराबाहेर राहिलेल्या मांजरासारखं काय बोलतोस? कोणी तुझी पहार उचलून चाललंय असं समज."

फैझालीने लगेच माझी पहार उचलली आणि दाराकडे चालू लागला. तेव्हा कुठे तो शब्द नीट बाहेर पडला.

त्यानंतर क्रमाने आम्ही शिकलो: मी नाही. कोण म्हणाले? दाखवा. थांबा. मी वाचतो. नवा कागद द्या. वार शिकलो, आकडे शिकलो, अंगणातील प्रत्येक वस्तूचे नाव शिकलो. मुअल्लिमा फावड्याच्या दांड्याने ताज्या बर्फावर वाक्य लिहीत आणि ते मोठ्याने वाचल्याखेरीज आम्हाला तो बर्फ उपसू देत नसत. 'माफ करा' हा शब्द वर्गात वर्ज्य होता. ज्याच्या तोंडून निघेल त्याने सर्वांचे पेले विसळायचे. पहिल्या आठवड्यात सर्व पेले मीच विसळले. कचेरीत कागद दिला तर त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का मागून घ्यावा, क्रमांक नसेल तर तो कागद कधी नव्हताच, हेही त्यांनी आमच्याकडून घोकून घेतले.

एके दिवशी लतीफ अका दारात उभे राहिले.

"वा, शाळा भरली. शरीफ, दाढीत पांढरं आलं तुझ्या, आणि आता पाटी धरलीस? मी आहे ना तुमची जीभ."

"जीभ ज्याच्या त्याच्या तोंडात असलेली बरी, लतीफजान," मुअल्लिमा म्हणाल्या.

"तीस वर्षं शिकवलंत, मुअल्लिमा. शेवटी माझ्याच हाताखाली झाडू मारताय ना?"

"हो. म्हणून तर जवळून बघायला मिळतंय."

अका हसले नाहीत.

जानेवारीत एका शनिवारी माझ्या अंगणासाठी वाळूची सहा पोती आली. निसरड्या बर्फावर वाळू टाकली नाही तर माणसाचा पाय ठरत नाही. लतीफ अका म्हणाले, "ही बाजारामागच्या गाडीतळावर नेऊन टाक. तिथल्या मालकाला शब्द दिलाय. तुला दुसरी येईल." तो गाडीतळ खासगी होता. वाळू तिथली नव्हे, हे मला कळत होते. तरीही मी छातीवर हात ठेवला आणि दोन खेपांत सहाही पोती घसरगाडीवरून ओढत नेली. हे मी लपवणार नाही.

सोमवारी बर्फ वितळून पाणी झाले आणि मंगळवारी त्या पाण्याची काच झाली. मी मंगळवारी वाळू मागितली, बुधवारी मागितली, गुरुवारी मागितली. प्रत्येक वेळी अका म्हणाले, "येईल रे. तू खरवडत राहा." शुक्रवारी पहाटे पाचपासून मी पहारीने खरवडत होतो. आठच्या सुमारास दुसऱ्या दारातील वृद्ध शिक्षिका रिम्मा ल्वोव्ना पायरीवरून उतरल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत पडल्या. मनगट मोडले. मीच त्यांना उचलून आत नेले.

सोमवारी कचेरीतून बोलावणे आले. साहेबीण तमारा इगोरेव्ना टेबलामागे बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी लतीफ अका. टेबलावर एक कागद तयार होता. अका आमच्या भाषेत म्हणाले, "हात छातीवर ठेव, वाकून सही कर, नि सुट. साहेबीणबाईला ताप आहे, लवकर घरी जायचंय तिला."

मी कागद हातात घेतला आणि रशियनमध्ये म्हणालो, "थांबा. मी वाचतो."

येथे मी रशियनमध्ये जे बोललो ते मोडके होते, म्हणून मोडकेच लिहितो. सुधारून लिहिणे हा वाचकांशी खोटेपणा ठरेल.

मी बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागलो. साहेबीणबाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

"अरे, ही काय मशीद आहे का, बोट ठेवून वाचत बसायला? सही कर," अका म्हणाले.

कागदात सात ओळी होत्या. चार मला समजल्या नाहीत. तीन समजल्या: झोपून राहिलो. वाळू टाकली नाही. दोष मान्य आहे. मी कागद टेबलावर परत ठेवला.

"नाही."

"काय नाही?" साहेबीणबाईंनी विचारले.

"मी झोपला नाही."

अका त्यांच्याकडे वळून भरभर बोलले. त्यातला एक शब्द मला पक्का ओळखीचा होता, कारण त्यापायी मी पुष्कळ पेले विसळले होते. ते सांगत होते की हा माफी मागतोय.

"नाही," मी म्हणालो. "माफी नाही. नवा कागद द्या."

अका आमच्या भाषेत आले. आवाज हळू होता, चेहरा हसरा होता, पण शब्द असे होते: "वेड्या, पोती तू ओढलीस. तुझ्या बापानं माझ्या बापाच्या घरचं मीठ खाल्लंय. आपल्याच माणसाला परक्यांपुढे उघडं पाडणार? खोली जाईल. ओयशाला घेऊन या थंडीत कुठे जाशील?"

वाचकहो, ओयशा त्या वेळी खोलीत भात शिजवत असेल, हे माझ्या मनात आले. अका म्हणाले त्यात मीठ खरे होते, पोती खरी होती, खोलीही खरी होती. झोप तेवढी खोटी होती. आणि रिम्मा ल्वोव्नांना उचलताना त्या माझ्या बाहीला धरून जे बोलल्या होत्या, त्यातले 'तुम्ही' एवढेच मला कळले होते. झाडूवाल्याला इथे तुम्ही कोणी म्हणत नाही. त्यांना कोणी जाऊन सांगावे की तो माणूस झोपला होता, हे मला सोसवेना.

"ओढली. ते पण लिहितो," मी अकांना म्हणालो.

कोऱ्या कागदावर मी पाऊण तास लिहीत बसलो. तो मजकूर असा:

'मी मिर्झोशरीफ, अंगण चार. मी झोपला नाही. शुक्रवार पाच वाजता उठला. बर्फ फोडला. वाळू नाही. मंगळवार मागितली. बुधवार मागितली. गुरुवार मागितली. शनिवार सहा पोती होती. लतीफ म्हणाला गाडीतळ ने. मी नेली. वाईट केले. बाई पडली. हात मोडला. मी झोपला नाही.'

साहेबीणबाईंनी तो दोनदा वाचला. मग लतीफ अकांना बाहेर जायला सांगितले. ते जाताना माझ्याकडे न पाहता गेले.

"हे बघ," त्या सावकाश बोलल्या, मला समजावे म्हणून. "हा कागद घेतला तर मलाही वर उत्तर द्यावं लागेल. दोन्ही कागद फाडते. तू कामावर राहा. खोली राहील. कळलं?"

कळले होते. नऊ वर्षांत एवढे स्वच्छ मला काही कळले नव्हते. हो म्हटले असते तर मी त्याच क्षणी सुरक्षित झालो असतो, आणि उद्या अंगणात सगळे म्हणाले असते, हा झोपला होता.

"नाही. क्रमांक द्या. शिक्का द्या. दुसरा, झोपेचा कागद मला."

त्यांनी माझा कागद पुन्हा हातात घेतला. "कोण शिकवतं रे तुला हे?"

"मी शिकतो," मी म्हणालो.

त्यांनी खण उघडला, शिक्का काढला आणि तो असा आपटला की चहाचा पेला हलला.

दहा दिवस काही झाले नाही. ओयशाने सामान बांधून दाराशी ठेवले होते आणि ती माझ्याशी एक शब्दही बोलत नव्हती, हेही मी नमूद करतो. अकराव्या दिवशी लतीफ अकांचे मुकादमपण गेले. माझे अंगण काढून मला ट्रामच्या रुळांकडची, चौदामजली इमारतींची दोन अंगणे दिली. तिथे वारा फावड्यातला बर्फ तोंडावर आणतो. खोली राहिली. रिम्मा ल्वोव्नांना खुद्द साहेबीणबाईंनी जाऊन सांगितले की वाळूच पोचली नव्हती.

मात्र आमच्या माणसांनी माझ्याशी बोलणे टाकले. बाजारात लोक मला पाहून भाव विचारण्यात गढून जात. जुम्म्याच्या नमाजात माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. फेब्रुवारीच्या अखेरीस फैझाली निरोप घेऊन आला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

"लतीफ अकांकडे दोन ताजे नान घेऊन जा," तो म्हणाला. "आपली पोरं पाठवतायत मला. नान पुढे ठेव, चार शब्द बोल. सगळं आधीसारखं होईल."

"काय बोलू?"

"म्हण, कचेरीत मला भाषा नीट येत नव्हती, चुकून लिहिलं गेलं. एवढंच. त्यांची अब्रू राहील, तुझीही राहील."

"नान नेतो," मी म्हणालो. "त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय, ते नाकारत नाही. पण ते शब्द बोलणार नाही."

"शरीफ, कोणी येणार नाही तुझ्या दारात. मेलास तर खांदा द्यायला माणसं लागतात."

"नाही," मी म्हणालो.

हा शब्द आमच्या भाषेत, आमच्याच माणसाला, तोंडावर मी जन्मात प्रथमच म्हटला होता. फैझालीने माझी पहार भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि निघून गेला. नान मी दुसऱ्या दिवशी नेले. लतीफ अकांनी दार उघडले, नान घेतले आणि दार लावले. मी परत येऊन दोन्ही अंगणे उपसली.

येथवर वाचण्याची तसदी घेतलीत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. शब्दांत उणे राहिले असेल, तर तो दोष सातव्या इयत्तेचा आहे. खरेपणात उणे राहिलेले नाही.

आपला,
मिर्झोशरीफ सफरोव्ह
समारा