उताणं कवेलू पालथं घातलं!

मी एक जुनं कवेलू, म्हणजे छपराचं कौल आहे, मित्रांनो, आणि अजून माझा जीव ठिकाणावर आलेला नाही. चाळीस वर्षं छपरावर उताणं पडून पाणी वाहून नेलं, अशा कवेलूला कोणी पालथं घालतं का? मला घातलं!

मोहगावच्या कुंभाराने चाकावर मातीची नळी ओढली, तिचे उभे दोन भाग केले आणि भट्टीत भाजले. एक मी, दुसरं माझं जुळं भावंड. सुखदेवच्या घरावर मी उताणं आणि ते माझ्या कडेवर पालथं. भावंड पाणी माझ्याकडे लोटायचं, मी ते वळचणीला सोडत असे. दरवर्षी मृगाआधी सुखदेव आम्हाला फेरायचा, म्हणजे एकेक उचलून, झाडून पुन्हा रचायचा. टिचकी मारून म्हणायचा, "हे पोट्टं खणखणीत हाय!" मी फुलून जात असे.

मग ते घर रस्ता रुंद करण्यात गेलं. सुखदेवला दमा. जरा ओल लागली की छाती भरून यायची. त्याची मुलगी अलका सौंसरला शिक्षिका. तिने बोरगावजवळच्या नव्या कॉलनीत घर बांधलं आणि म्हणाली, "बाबा, पुढची खोली तुमची."

कॉलनीचा नियम असा, की प्रत्येक घराचं पुढचं छप्पर उतरतं, लाल कवेलूचं, सगळ्यांचं सारखं. "मंग माहेच कवेलू लावू!" सुखदेव हरखला. आम्ही टेम्पोत बसून आलो. केवढा हा मान, असं वाटलं मला.

कॉलनीच्या समितीचे मनोहरराव नियमांचं पुस्तक घेऊन आले. त्यातलं चित्र वरून काढलेलं, त्यामुळे वरची पालथी कवेलू तेवढी दिसत होती. मला पाहून त्यांनी नाक मुरडलं. "हे उताणे चित्रात नाहीत. सगळे पालथे करा, नाहीतर घर पास होनार नाही, नळ भेटनार नाही."

"अन् पानी कुठून जाईन?" सुखदेवने विचारलं.

"नियमात पान्याचं काईच लिहिलं नाही."

अरे देवा! छपराचे नियम, आणि त्यात पाणीच नाही!

अलका नळासाठी अडली होती. "बाबा, तुम्ही कायले हेका धरून राहिले? दिसाले चांगलंच दिसते ना?" मिस्त्रीने आम्हा सगळ्यांना पालथं घातलं, फटी सिमेंटने बुजवल्या आणि वर लाल ऑइलपेंट फासला. या वयात तोंडाला रंग!

उन्हाने सिमेंट तडकलं. तपासणीच्या दिवशी सुखदेव शिडी चढला आणि आमच्यावर बादलीभर पाणी ओतलं. आत त्याच्याच खाटेवर धार लागली. गादी, उशी, दम्याचा पंप, सगळं भिजलं. अलका धावत आत आली आणि पंप उचलून पुसू लागली. मनोहररावांनी बाहेर जाऊन पुस्तक उघडलं. "पर चित्रासारखं एकदम बरोबर हाय," ते म्हणाले.

अलकाने छिन्नी-हातोडी आणली. "नळ नका देऊ, साहेब. माझे बाबा आत झोपणार आहेत, बाहेरून पाहणार नाहीत."

मला सोडवलं, पुन्हा उताणं निजवलं. पण माझं जुळं सिमेंटातून निघताना फुटलं. सुखदेव त्याचे तुकडे हातात घेऊन कितीतरी वेळ बसला होता. आता माझ्या कडेवर परकं कवेलू आहे. नळ अजून आलेला नाही, अलका शेजारून हंडे आणते. खोली मात्र कोरडी आहे.

मित्रांनो, छपराचे नियम जरूर लिहा. पण लिहिण्याआधी त्या छपराखाली स्वतःची खाट टाका, आणि कोणाला तरी वरून एक बादली ओतायला सांगा.