रिकामे सतरा

कान तपासणीच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं नोंदवह्या लिहिल्या. गेल्या वर्षी वह्या माळ्यावर गेल्या आणि सगळी बाळं डेटाबेसमध्ये जाऊन बसली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला त्या डेटाबेसला प्रश्न विचारायची नवीन भाषा शिकणं आलं. पुस्तक आणून एकटीच शिकू लागले, आणि अडलं की धाकट्या जावेला फोन. ती नोकरीत डेटाबेसचंच काम करते. वयानं चौदा वर्षांनी लहान, पण रागवायचा मान तिनं आपणहून घेतलेला.

पहिला धडा तिनं भाजी निवडता निवडता दिला. दादांना दुकानात पाठवताना काय आणायचं, कुठून आणायचं आणि कसलं आणायचं हे सांगता ना, तेच इथं सिलेक्ट, फ्रॉम आणि व्हेअर. मी म्हटलं, मग यंत्र बरं, तुझे दादा तिन्ही सांगूनही भलतंच आणतात.

मग डॉक्टरबाईंनी यादी मागितली. वर्षभरात नोंदवलेल्या बाळांपैकी ज्यांचा निकाल ‘ठीक’ नाही, ती सगळी. बाळाला ऐकू येत नाही हे लवकर कळलं तर बोलायला शिकणं सोपं जातं, उशीर झाला की फार जड जातं. यादीतून नाव सुटलं की बाळ सुटलं. मी क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारायचा प्रश्न, लिहिली: निकाल ‘ठीक’ नसलेले. नऊ आले. छापलेला कागद हातात घेऊन मी बाईंच्या दारापर्यंत गेलेसुद्धा.

तिथून परत फिरले ते जुन्या खोडीमुळे. वही मिटण्याआधी बेरीज जुळवायची, ही हाताला लागलेली सवय. एकूण बाळं दोनशे चौदा. ‘ठीक’ एकशे अठ्ठ्याऐंशी. ‘ठीक’ नाहीत, नऊ. मग सतरा गेली कुठं? क्वेरी तीनदा चालवली, तरी नऊच.

जावेला फोन लावला. ती म्हणाली, ती नल असतील. मी विचारलं, नळ कुठला?

“कानाच्या दवाखान्यात बसून तुम्हालाच कमी ऐकू येतं का हो ताई? नल. म्हणजे रकाना रिकामा. रिकामं म्हणजे ‘ठीक नाही’ असं नव्हे, रिकामं म्हणजे माहीत नाही. माहीत नसेल तर ते हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. त्यांना वेगळं विचारावं लागतं.”

तिनं सांगितलं तसं लिहिलं, व्हेअर निकाल इज नल. सतराच्या सतरा समोर आली. ही तपासणी बाळ झोपलेलं असतानाच होते. ही त्या दिवशी झोपलीच नव्हती. पुन्हा बोलावू असं सांगून आम्ही त्यांना घरी पाठवलं होतं, आणि बोलावलं नव्हतं. यंत्राचा दोष नाही, आमचाच.

मी एकेका घरी फोन करत बसले. बहुतेक आयांनी आधी मला फैलावर घेतलं, मग यायचं कबूल केलं. तेराव्या घरची आई मात्र गोड बोलली. म्हणाली, “आमचं बाळ फार गुणी आहे हो. कशाचा त्रास नाही. दार आपटलं तरी उठत नाही.”

मी तिला म्हटलं, उद्या सकाळीच या.

ती आली. बाळ पाच महिन्यांचं, मांडीवर गाढ झोपलेलं. तपासणी झाली, आठवड्यानं दुसरी मोठी तपासणी झाली, आणि महिन्याभरात ऐकायची इवलीशी यंत्रं त्या कानांवर बसली. आईनं नेहमीच्याच आवाजात हाक मारली. बाळ अंगठा चोखायचं थांबलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. आई डॉक्टरबाईंचे हात सोडेना.

निकालाचा रकाना मोठ्या तपासणीच्या दिवशीच मी माझ्या हातानं भरला होता: दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. असा निकाल लिहिताना कुणाला बरं वाटू नये. मला वाटलं. जावेला फोन करून सगळं सांगितलं आणि शेवटी, आमच्यात कधी म्हणत नाहीत ते म्हटलं, की तुझे उपकार झाले गं. ती म्हणाली, उरलेल्या सोळांचं काय झालं ते आधी सांगा.