उंच खुर्चीवरचा डाव

दुपारची जेवणं आटोपली, धाकट्या सुनेने टेबल पुसून घेतलं आणि सासऱ्यांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला.

"बस गं. आज तुला एकवीस शिकवतो. या घरात आलीस आणि एकवीस येत नाही म्हणजे काय!"

धाकटी हसत बसली. लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. सासरे एवढ्या प्रेमाने बोलावतात, शेजारी बसवतात, याचंच तिला अप्रूप होतं. बाबा म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. आयुष्यभर लोकांची नजर तपासलेला माणूस. ते बसायचे एका उंच, लोखंडी पायाच्या, चामडी पाठीच्या खुर्चीवर, आणि बाकीचे साध्या खुर्च्यांवर. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना मान वर करावी लागे.

बाबा शिकवायला मात्र वस्ताद होते. "चित्राची सगळी पानं दहाची. एक्का एकाचा किंवा अकराचा, तुला सोयीचा असेल तो. एकवीसच्या जितकं जवळ जाशील तितकं चांगलं, पण पलीकडे गेलीस की फुटलीस. तुला दोन पानं, मला दोन. माझं एक उताणं, एक पालथं. पान हवं तर म्हण 'अजून'. नको तर म्हण 'थांबते'. आणि एकदा थांबते म्हटलं की कुणी आग्रह करायचा नाही. मीसुद्धा नाही. या घरात जबरदस्ती चालत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्या अभिमानाने म्हटलं. टेबलाच्या टोकाला थोरला मुलगा पेपर वाचत होता, त्याने मान डोलावली. स्वयंपाकघराच्या दारात थोरली सून उभी होती. 

धाकटी स्वतःच्या मशीनवर शिवणकाम करायची. डाव लावायला तिने आपल्या डब्यातली बटणं आणली. पहिल्या दिवशी सहा आणि पाचाला "थांबते" म्हणाली, तेव्हा बाबा पोट धरून हसले. "अगं, अकराला कुणी थांबतं का? घे की पान! आता कितीही मोठं आलं तरी फुटणार नाहीस." दुसऱ्या दिवशी एक्का कधी अकराचा धरायचा ते कळलं. मग सोळाचा धडा झाला. "सोळा आले आणि समोर माझं दहाचं पान असलं तर घाबरायचं नाही. अजून म्हणायचं." आठवडा सरेपर्यंत बटणांचा ढीग तिच्या पुढ्यात आला. बाबा हरत होते आणि कौतुक करत होते.

"नजर चांगली आहे हिची," ते धाकट्या मुलाला म्हणाले. "रविवारी घरच्या डावाला बसव हिला."

धाकटा, म्हणजे तिचा नवरा, खाली बघून पाय हलवत राहिला.

शनिवारी धाकटी बैठकीची खोली झाडत होती. उंच खुर्चीचा लोखंडी पाय पुसताना त्याला लागलेल्या दांड्याच्या फटीत काहीतरी अडकलेलं दिसलं. तिने हेअरपिनने कोरून काढलं. बारीक कापलेले केस होते, धुळीने राखाडी झालेले.

"ताई, बाबा आधी केस कापायचे का हो?" तिने हसतच विचारलं.

थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. 

"बाबा नाही. मी."

मग तिने सगळं सांगितलं, घड्या न थांबवता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. लग्नाआधी तिचं बायकांचे केस कापायचं छोटं दुकान होतं. ही खुर्ची तिने स्वतःच्या कमाईतून घेतली होती. तो दांडा पावलाने मारला की खुर्ची वर जाते आणि टाचेने दाबून धरला की खाली बसते. गिऱ्हाईक उतरताना ती तो दाबून धरायची. लग्नानंतर तिलाही बाबांनी एकवीस शिकवलं. तीही आठवडाभर हेअरक्लिपा जिंकत होती. मग आला रविवारचा डाव.

"खुर्ची कुठे टेबलावर ठेवणार? म्हणून तिच्या नावाने कात्री ठेवायला लावली. एका पानात गेलं. खुर्ची घराची झाली, मग कामही घराचं झालं, मग घराला ते काम नकोसं झालं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? कुणी हिसकावलं असतं तर भांडले असते. पान मीच मागितलं होतं ना, माझ्या तोंडाने."

हीच तर या घरची खुबी होती. सुनेकडून काही मागायचं नाही, ओढून तर मुळीच घ्यायचं नाही. तिला प्रेमाने शेजारी बसवायचं, खेळ शिकवायचा आणि तिच्याच हाताने तिचं घालवायचं. हिसकावणाऱ्याला निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांची लाज असते. जिंकणाऱ्याला कुणाची असणार? शिवाय याला जुगार म्हणायची सोय नव्हती. बाहेर जाऊन खेळला तो जुगार, घरात खेळला तो घरचा डाव.

 धाकटीने खोलीत जाऊन नवऱ्यालाच विचारलं, "रविवारी माझं मशीन डावावर लावायचं, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? मशीन कुठे जाणार आहे? इथेच राहणार."

"इथेच राहणार, तर मग माझं का नाही राहणार?"

"उगाच डोकं खाऊ नकोस," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

तिला वाटलं, आपण जिंकू. नजर चांगली आहे आपली. ती मशीनच्या फळीवर पत्ते घेऊन बसली आणि दोन्ही बाजूंनी एकटीच खेळू लागली, एकदा सून होऊन, एकदा सासरा होऊन. खेळता खेळता एक गोष्ट ध्यानात आली. पान आधी तिने मागायचं. ती फुटली की डाव तिथेच संपला. बाबांचं पालथं पान काहीही असो, ते फुटणारं असो, ते उलटवायची वेळच येत नाही. दोघंही फुटणार असले तरी हरणार तीच. आणि वाटणारा कधी बदलत नव्हता.

रविवारी सगळे टेबलाभोवती जमले. बाबा उंच खुर्चीवर चढून बसले. पत्ते पिसताना त्यांची बोटं सराईतपणे चालत होती.

"बॉबीन आणलीस ना? मशीनच्या नावाने ती ठेव. तू जिंकलीस तर समोरची खिडकीची खोली तुझी, शिवणकामाला, कायमची. आहे की नाही बरोबरीचा सौदा?"

बॉबीन धाकटीच्या मुठीत होती. 

"बाबा, आज मी वाटू का?"

थोरल्याचा पेपर खाली आला. बाबा हसले. "वाटणारा घरातला मोठा असतो, पोरी. आधी पानं तर बघ."

त्यांनी वाटलं. धाकटीने पानं उचलली. राजा आणि राणी. वीस. समोर बाबांचं उताणं पान सहाचं. आठवडाभरात शिकलेलं सगळं तिच्या कानात ओरडू लागलं, की असा हात पुन्हा येत नाही. खिडकीची खोली तिला डोळ्यांपुढे दिसली, उजेडात ठेवलेल्या मशीनसकट. नवरा मागून वाकून तिची पानं बघत होता.

"अगं, वीस आहे! ठेव, ठेव लवकर."

तिची मूठ टेबलापर्यंत गेली. आज बॉबीन ठेवली आणि जिंकलो, तरी मशीन डावात ठेवायची वस्तू आहे हे आपणच कबूल केलं. मग पुढचा रविवार आहे, त्याच्या पुढचा आहे. तिने मूठ मागे घेतली आणि पानं सगळ्यांना दिसतील अशी उताणी ठेवली.

"थांबते."

"वीसवर थांबायचंच असतं," बाबा म्हणाले. "पण बॉबीन ठेव आधी."

"वीसवर नाही, बाबा. डावावरच थांबते. माझं मशीन मी डावात लावणार नाही. आज नाही, कधीच नाही."

"धाकट्या, बायकोला समजाव. आणि तू गं, एवढी घाबरतेस? जिंकलेला हात टाकतेस?"

"थांबते म्हटल्यावर आग्रह करायचा नाही ना, बाबा? तुम्हीच शिकवलंत."

बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मुलाकडे पाहिलं. धाकटा टेबलावरच्या राजाराणीकडे बघत होता. धाकटी जागेवरच बसून राहिली. तिने दाराकडे मान वळवली.

"ताई, तुम्हाला त्या दिवशी किती आले होते?"

थोरली इतकी वर्षं त्या दारातच उभी असायची. आज ती आत आली.

"सोळा. बाबांचं दहाचं पान होतं. त्यांनीच शिकवलं होतं, सोळाला अजून म्हणायचं. मी म्हटलं आणि फुटले."  "पालथं पान काय होतं ते मला अजून माहीत नाही, बाबा. मी रोज रात्री विचार करते, काय असेल ते."

"जुनं उकरून काय मिळणार आहे?" थोरला गुरकावला.

"माझी खुर्ची मिळेल," थोरली म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत ती टेबलाला वळसा घालून सासऱ्यांच्या मागे गेली, चप्पल काढली आणि टाचेने दांडा दाबून धरला. खुर्ची सुस्कारा सोडत हळूहळू खाली बसू लागली. हातात पत्ते तसेच धरलेले बाबा तिच्यासोबत खाली येत गेले, सुनांच्या डोक्यांपर्यंत, मग खांद्यांपर्यंत. खुर्ची तळाला टेकली. थोरलीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायची तेच, त्याच नम्र आवाजात म्हणाली,

"झालं. उतरा आता."