डाव्या दाराचा डिंक

उजव्या बाजूची अक्षरं अर्ध्या तासात निघाली. धाकटी सून केसांचा ड्रायर अक्षरावर धरायची, कोपरा मऊ झाला की नखानं उचलायची आणि सासरे तो कोपरा पत्र्याला लगटून सावकाश ओढायचे. सरळ आपल्याकडे ओढलं तर डिंक मागे राहतो, हे त्यांचं तिला तीनदा सांगून झालं होतं. ‘दोघी लाँड्री’मधली ‘लाँड्री’ निघाली, ‘दोघी’ निघाली, फोन नंबर निघाला. उरलासुरला चिकटा तेलाच्या बोटानं चोळून, जुन्या ओळखपत्राच्या कडेनं खरवडून गेला. व्हॅनचा निळा पत्रा लख्ख झाला.

“आता डावी बाजू,” धाकटी म्हणाली. “चार वाजता स्टिकरवाला नवीन नाव घेऊन येतोय.”

“डावी मी एकटा करतो. तू जा, मशीनमधले कपडे काढ.”

धाकटीनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. हा माणूस साधा खिळा ठोकायचा तरी घरातल्या चौघांना उभं करणारा. पण कपडे खरंच पडले होते, म्हणून ती आत गेली.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या होत्या. वर्कशॉपात त्यांना सगळे आरसेकाका म्हणायचे, कारण त्यांनी रंगवलेल्या दारात बघून लोक भांग पाडायचे. काकांना ते नाव फार आवडायचं. आवडायचं म्हणजे किती, तर लग्नाच्या पत्रिकेवर कुणी खरं नाव घातलं तर पत्रिका दुसऱ्याची समजून बाजूला ठेवायचे. आणि नेमकं तेच नाव आडवं आलं.

दोन वर्षांपूर्वी व्हॅन नवीकोरी घेतली होती. थोरली आणि धाकटी, दोन्ही सुना मिळून लाँड्री चालवायच्या, म्हणून नाव ‘दोघी’. पहिल्याच महिन्यात सगळं घर दोन दिवस लग्नाला गेलं आणि काकांना व्हॅन धुवायची हुक्की आली. मागे घेताना डावं दार फाटकाच्या खांबाला असं घासलं की पत्रा आत गेला. काकांनी तशीच गाडी जुन्या वर्कशॉपात नेली. पत्रा ओढला, खळग्यात लांबीची पुट्टी भरली, घासली, अस्तर मारलं, रंग मारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळी परतणार, म्हणून दुपारीच तशीच अक्षरं कापून आणून दारावर चिकटवली. ताज्या रंगावर तीन आठवडे काही चिकटवायचं नाही, हे ज्यानं शेकडो गिऱ्हाइकांना दटावून सांगितलं, त्यानंच हे केलं. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच.

कुणाच्या लक्षात आलं नाही. महिन्याभरानं उतरत्या उन्हात धाकटीला दाराच्या खालच्या कडेला रंगाचा एक ओघळ दिसला, गव्हाच्या दाण्याएवढा. आदल्याच आठवड्यात थोरली व्हॅन घेऊन चार दिवस माहेरी गेली होती. धाकटीनं दोन अधिक दोन केले आणि उत्तर पाच आलं. “धडकवलीस आणि गुपचूप रंगवून आणलीस,” ती म्हणाली. थोरली म्हणाली, “मी काहीही केलेलं नाही.” शब्दानं शब्द वाढला. मग दारापुरतं भांडण राहिलं नाही. साबण कोण जास्त ओततं, इस्त्री कोण जाळतं, सगळं निघालं. पाच महिन्यांनी थोरली नवऱ्याला घेऊन वेगळी राहायला गेली. कुठल्याही डागाला नुसतं बघून ‘तू कशाचा’ ते सांगणारी बाई आता एका हॉटेलात दुसऱ्यांनी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालते.

आणि काका? पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपोआप निवळेल. थोरली गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग. चूक लहान असताना सांगितली तर लोक हसतात आणि विसरतात. वाढली की ती तोंडातून निघत नाही.

आता दारावरून अक्षरांचा कागद तर निघाला, पण डिंक जिथल्या तिथं होता. ‘दोघी’ हा शब्द चिकट, पिवळट, टपोऱ्या वळणात जसाच्या तसा. काकांनी तेल लावलं, वर प्लास्टिक चिकटवून पाव तास थांबले, पुन्हा चोळलं. काही नाही. त्यांना कारण ठाऊक होतं. ओल्या रंगात डिंक मुरला होता. तो आता रंग घेऊनच निघणार होता.

“अजून तिथंच?” धाकटी बाहेर आली. तिच्या हातात पांढरी चिंधी आणि स्पिरिटची बाटली. “सरका, बघू.”

“अगं थांब, त्यानं—”

तिनं चोळलंसुद्धा. चिंधी उलटली. चिंधी निळी.

“रंग सुटतोय,” ती म्हणाली. कपडेवालीला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. ती फिरून उजव्या बाजूला गेली, चिंधीचा कोरा कोपरा स्पिरिटमध्ये बुडवून तिथं चोळला. पांढरा तो पांढराच. परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

“हा कंपनीचा रंग नाही, बाबा. हे दार मागून रंगवलंय. मी तेव्हा काय म्हणत होते? आणि ही बाई शपथेवर नाही म्हणाली!” तिनं फोन काढला. दाराचा फोटो घेतला, निळ्या चिंधीचा घेतला. “आता हेच पाठवते तिला. एक शब्दही लिहीत नाही. बघू दे तिची तीच.”

काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. त्यात त्यांचा दोन वर्षांचा सराव होता. एवढा फोटो गेला की प्रकरण कायमचं मिटलं असतं आणि आरसेकाका आरसेकाकाच राहिले असते. तिचा अंगठा फोनवर थोरलीचं नाव शोधत होता.

“नको पाठवूस,” ते म्हणाले. “तो रंग मी मारलाय.”

“काय?”

त्यांनी सांगितलं. वर्कशॉपात गाडीचा हिशेब सांगावा तसं, क्रमानं: खांब, लांबी, अस्तर, रंग, दुसऱ्याच दिवशी अक्षरं. “ओल्या रंगावर चिकटवली, म्हणून डिंक निघत नाही. तिनं काही केलं नव्हतं.”

धाकटी पायरीवर बसली.

“मी तिला काय काय बोलले,” ती म्हणाली. “तुम्ही तिथंच बसला होतात.”

“होतो.”

“पेपर वाचत होतात.”

“धरला होता.”

“बाबा, मला आत्ता तुमचं तोंडही बघावंसं वाटत नाही. आणि माझंही.” तिनं डोळे पुसले, नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. “मला काय सांगता? तिला सांगा.”

पलीकडे मशीनची घरघर होती. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी क्रम चुकला, लांबीच्या आधी रंग आला.

“बाबा,” थोरली म्हणाली, “मी निघाले त्या दिवशी तुम्ही फाटकापर्यंत आला होतात. आठवतंय, काय म्हणालात?”

त्यांना आठवत होतं.

“म्हणालात, ‘खरं काय ते एक दिवस बाहेर येईल.’ मला वाटलं, घरात एकाचा तरी माझ्यावर विश्वास आहे. दीड वर्ष मी त्या वाक्यावर काढलं.”

काकांना रडू आलं. सत्तरीच्या माणसाला भर दुपारी, हाताला तेल लागलेलं असताना येतं तसं, पुसायची सोय नसलेलं.

“रविवारी येते,” थोरली म्हणाली. “तुम्हाला भेटायला नाही. दार बघायला.” आणि तिनं फोन ठेवला.

चारला पाच मिनिटं असताना स्टिकरवाल्याचा फोन आला, निघू का म्हणून. धाकटीनं सासऱ्यांकडे पाहिलं.

“पत्र्यापर्यंत घासून नव्यानं रंगवावं लागेल,” ते खाली बघत म्हणाले. “त्यावर तीन आठवडे काही लावायचं नाही.”

“अक्षरं असू देत तुमच्याकडे,” धाकटीनं फोनवर सांगितलं. “नावाचं अजून नक्की नाही. रविवारनंतर कळवते.”

काकांनी चिंधी उचलली. निदान डिंकावरची धूळ तरी पुसावी, म्हणून ते दाराकडे वळले. धाकटीनं चिंधी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“त्याला हात लावू नका. तिला बघायचंय.”

मग तिनं व्हॅन फाटकाबाहेर काढली आणि डावं दार रस्त्याच्या बाजूला येईल अशी लावली. त्या दारावर आता चेहरा दिसत नव्हता. ‘दोघी’ तेवढं पलीकडच्या दुकानातूनही वाचता येत होतं. रविवारला अजून चार दिवस होते. आरसेकाकांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि ते कपड्यांच्या घड्या घालायला आत गेले.