दोरीचं उत्तर

माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे बोका म्हणतात. ज्या भोकातून डोकं जाईल त्यातून तो अख्खा जातो, म्हणून. तेलाच्या टाक्या आतून साफ करणं हा त्याचा धंदा, आणि तो आत असेपर्यंत त्याच्या पट्ट्याला बांधलेली दोरी बाहेर धरून बसणं हा माझा. लोकांना वाटतं, बाईला बसून खायचं काम दिलंय. एकदा बसून बघा म्हणावं.

टाकीच्या छपरावर माणूस मावेल एवढं झाकण असतं. तिथून शिडीनं खाली उतरायचं. एक पंखा जाड पाइपातून आत ताजी हवा सोडत राहतो आणि असा घोंगावतो की शेजारच्यालाही कानात ओरडून सांगावं लागतं. म्हणून आतल्या माणसाशी बोलायचं ते दोरीनं. मी एकदा ओढते, म्हणजे ‘आहेस ना?’ तो एकदा ओढतो, म्हणजे ‘आहे.’ दर पाच मिनिटांनी. तीनदा विचारून उत्तर आलं नाही तर भोंगा वाजवायचा. मग बचाव पथक येतं आणि हवेची नळकांडी पाठीवर लावून आत उतरतं. दोरी धरणाऱ्यानं आत जायचं नाही. काहीही झालं तरी नाही.

हा नियम कारखान्याच्या पाटीवर लाल अक्षरांत आहे, पण आमच्या घरात तो पाटीच्या कितीतरी आधीपासून आहे. माझे सासरे असेच एका टाकीत उतरले होते आणि दोरी त्यांच्या धाकट्या भावाकडे होती. उत्तर येईना, तेव्हा भावानं दोरी टाकली आणि तो मागोमाग उतरला. आतली हवा विषारी झाली होती. दोघांनाही एकाच दुपारी बाहेर काढलं. सासूबाई तेव्हा चर्चमध्ये गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांना फक्त एवढंच कळलं होतं की हे वर येत नाहीयेत. त्या प्रार्थना करून उठल्या आणि बाहेर आल्या, तेव्हा पायरीवर निरोप घेऊन माणूस उभा होता.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला त्याच चर्चमध्ये वेदीपुढे नेलं. इतर सुनांना सासवा दागिने घालतात. मला शपथ घातली.

“दोरी सोडणार नाही आणि आत जाणार नाही. म्हण.”

मी हसत हसत म्हटलं. तरुण होते, मला सगळ्याचं हसूच यायचं.

“हसत नाही. नीट म्हण,” त्या म्हणाल्या. तेव्हा मी नीट म्हटलं.

वेळ मोजायची रीतही त्यांचीच. टाकीच्या छपरावर घड्याळ, फोन काही न्यायचं नाही, ठिणगीची भीती असते. तेव्हा प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायची, दहा वेळा म्हटली की पाच मिनिटं होतात, मग ओढायचं. आता खरं सांगायचं तर दिवसाला शंभरदा म्हटलेली प्रार्थना काही दरवेळी मनापासून होत नाही. ओठ म्हणत असतात आणि डोक्यात वाळत घातलेले कपडे असतात. पण म्हणते.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं. तसं ते तीन वर्षं चालूच होतं. आमचं बाळ नऊ दिवस जगलं होतं. ते नऊ दिवस आम्ही दोघांनी देवाचे पाय सोडले नव्हते. दहाव्या दिवसापासून बोका चर्चची पायरी चढला नाही. मी जाते. माझी श्रद्धा फार मोठी आहे म्हणून नव्हे. मी चिडलेली जाते, चिडलेली बसते आणि चिडलेलीच परत येते. पण जाते.

“आज शनिवार. उद्या येणारेस का?” मी बूट घालता घालता विचारलं. विचारायला नको होतं.

“टाकीत तीनदा ओढून उत्तर आलं नाही तर आपण काय धरतो?” तो म्हणाला. “माणूस गेला, असंच धरतो ना? तुझ्या देवाला आपण किती वेळा ओढलं? नऊ दिवस. आता सोड की ती दोरी.”

उत्तर नसलं की माझी जीभ जास्त चालते. मी त्याला नको नको ते बोलले, तुझ्यासारख्या माणसाला देवानं कशाला तोंड दाखवावं, इथपर्यंत. त्यानं डबा उचलला आणि चालायला लागला.

टाकीवर पोचेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. त्या टाकीत मधोमध लोखंडी भिंत होती आणि भिंतीच्या तळाशी गुडघाभर उंचीचं भोक. शिडी भिंतीच्या अलीकडे, गाळ पलीकडे. बोका शिडीनं उतरला, पंख्याचा पाइप ओढत भोकातून पलीकडे सरपटत गेला आणि दिसेनासा झाला. एरवी मी दोरी ताणून नाही, पण जागी ठेवते. आत तो वाकला, वळला तरी माझ्या बोटांना कळतं. त्या दिवशी मी रागानं हात-दोन हात जास्तीची ढील सोडली. त्याची हालचाल मला हाताला नको होती. एवढंच. एवढीच माझी चूक.

दहा प्रार्थना झाल्या, ओढलं, उत्तर आलं. पुढच्या दहा झाल्या, उत्तर आलं. तिसऱ्या वेळी मी ओढलं आणि काही आलं नाही.

रुसलाय, मला वाटलं. पुन्हा ओढलं. दोरी थोडी आली आणि थटली. माणसाच्या अंगाला बांधलेली दोरी जरा तरी लवते. ही भिंतीला बांधल्यासारखी होती. तिसऱ्यांदा ओढलं. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. काही नाही.

मी भोंग्याचा दांडा खाली खेचला. बाहेरच्या शिडीवरून सुपरवायझर धापा टाकत वर आला.

“पथक दुसऱ्या टोकाला आहे!” तो माझ्या कानात ओरडला. “पंधरा-वीस मिनिटं लागतील! पंखा बंद करू, त्याची हाक तरी ऐकू येईल!”

“हात लावलात पंख्याला तर याच झाकणातून खाली टाकीन तुम्हाला!” मी ओरडले. आपल्या साहेबाला कोणी असं बोलतं का? पण मी बोलले. तो माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. पथकाला वाट दाखवायला तो खाली धावला आणि छपरावर मी एकटी उरले.

वीस मिनिटं म्हणजे प्रभूची प्रार्थना चाळीस वेळा. मी म्हणायला लागले, पण सुरुवातीच्या दोन ओळींच्या पुढे जाता येईना. मी प्रार्थना सोडून दिली आणि सरळ बोलले. देवा, याला घेऊ नकोस. बाळ घेतलंस, मी गप्प बसले. नाही, गप्प नाही बसले, पण आले ना तुझ्या दारात? दर रविवारी आले. आता एकदा बोल. वारा हलव. मला आतून धीर येऊ दे, काहीतरी कर. मी ओढत होते आणि बोलत होते. दोरी गप्प आणि वर आभाळही गप्प. निरभ्र आभाळ. त्या दिवसापासून मला निरभ्र आभाळाची भीती वाटते.

मग मी वाकून झाकणात पाहिलं. शिडीच्या चार पायऱ्या दिसत होत्या, त्याखाली काळोख. फक्त चौदा पायऱ्या. मला माहीत होत्या, मी मोजलेल्या होत्या. खाली जायचं, भोकातून हात घालायचा, त्याचा बूट सापडेल, ओढायचा. पथक येईपर्यंत तो मेलेला असेल. मी इथे बसून राहिले म्हणून मेलेला असेल. चुलतसासऱ्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आम्ही घरात सगळे त्यांना मनातून वेडा म्हणायचो. ते वेडे नव्हते.

मी उजवा पाय आत सोडला. बुटाला पहिली पायरी लागली.

इथे कोणी मला विचारलं की मग तुला देवानं थांबवलं का, तर मी काय सांगू? आवाज आला नाही. खांद्यावर हात पडला नाही. सासूबाईंचा चेहराही डोळ्यांपुढे आला नाही, शपथसुद्धा आठवली नाही. झालं ते एवढंच. शिडी उतरायला दोन्ही हात मोकळे लागतात. माझ्या दोन्ही हातांत दोरी होती, आणि ती काही माझ्या हातून सुटेना. सोड, सोड, असं मी स्वतःलाच म्हणत होते. बोटं ऐकेनात. एक पाय आत आणि एक बाहेर अशी मी किती वेळ होते, देवालाच ठाऊक. मग मी पाय वर काढला, छपरावर मांडी ठोकून बसले, रडत रडत ओढायला लागले आणि पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना सुरू केली. त्याला ऐकू येत असो की नसो.

शेवटी पथक आलं आणि त्यातले दोघं आत गेले. आणखी सात प्रार्थना. मग झाकणातून आधी बोक्याचं डोकं वर आलं, गाळानं माखलेलं. आणि त्या गाळातले डोळे उघडे होते.

गाळात त्याचा पाय घसरून घोट्यातून मोडला होता. त्याच्या छातीवरचं हवा मोजायचं यंत्र किंचाळायला लागलं होतं, तेव्हा तो पंख्याच्या पाइपाच्या तोंडाला तोंड लावून पडून राहिला. पंखा बंद झाला असता तर संपलंच होतं. आणि दोरी? माझ्या जास्तीच्या ढिलीचा फास भोकाजवळच्या एका बाहेर आलेल्या बोल्टात अडकला होता. मी ओढत होते ते त्या बोल्टाला. पथकाच्या माणसानं मला ते सहज सांगितलं, काय तुटलं-फुटलं सांगावं तसं.

दवाखान्यात सासूबाई आल्या. मुलाच्या कपाळावर हात ठेवला, मग माझ्याकडे वळून माझे तळवे उलटेसुलटे पाहिले. कातडी सोलून निघाली होती.

“आत गेलीस?” त्यांनी विचारलं.

“नाही, आई.”

त्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं.

“तुमची प्रार्थना ऐकली म्हणायची त्यानं,” मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“असं नको म्हणू गं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “हे गेले त्या दिवशीही मी हीच केली होती. अगदी हीच. पथकवाले सांगतात तसा त्या दोरीला कुठला बोल्ट नव्हता, उत्तर द्यायलाच कोणी उरलं नव्हतं. मी रोज विचारते त्याला, का? अजून सांगितलं नाही.”

“मग तुम्ही रोज का विचारता?”

“तो सांगत नाही हे त्याचं झालं. मी विचारायचं थांबवलं तर ते माझं होईल.”

त्या पाणी आणायला बाहेर गेल्या. बोका डोळे मिटून होता. मला वाटलं, झोपलाय.

“मी पण ओढत होतो,” तो म्हणाला. आवाज पार बसलेला होता. “सगळा वेळ. तुझं काहीच येत नव्हतं.”

“मग थांबायचंस ना,” मी म्हटलं. “तीनदा ओढून उत्तर नाही आलं तर माणूस गेला असं धरतात. सकाळीच सांगत होतास.”

“हो. पण वरती तू होतीस. तू दोरी सोडणार नाहीस, एवढं मला माहीत होतं. म्हणून ओढत राहिलो.”

मी मान हलवली. पहिल्या पायरीवर टेकलेला तो उजवा बूट मी पलंगाखाली मागे ओढला. त्याला मी ते अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंनाही नाही. ते फक्त एकाला ठाऊक आहे, आणि तो कोणाला सांगत नाही.

तीन महिन्यांनी तो पुन्हा कामाला लागला. रविवारी चर्चमध्ये येतो म्हणाल तर नाही येत. फाटकापर्यंत आईला सोडायला येतो आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहतो, प्रार्थना संपेपर्यंत. पूर्वी बसत नव्हता. मी त्याला काही विचारत नाही.

काल पहिल्यांदा तीच टाकी आली. झाकणात अर्धा उतरल्यावर तो थांबला आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, “आज मोठ्यानं म्हण!”

“पंख्यापुढे तुला ऐकू येणार आहे का?”

“नाही येणार. तरी म्हण.”

तो भोकातून पलीकडे गेला. मी दोरी बोटांत जागी ठेवली, इंचभरही ढील दिली नाही. दहा प्रार्थना मी ओरडून म्हटल्या, एक शब्द न गाळता. मग ओढलं, आणि वाट बघत बसले.