शंभर किलोचं कलिंगड

“आज जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातलं एकही शेंबडं पोर विश्वास ठेवणार नाही. हवं तर फळ्यावर लिहून देतो!”

एवढं बोलून म्हाताऱ्या सरांनी बाह्या सरसावल्या, खडू उचलला आणि फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत एका झटक्यात असं थोरलं वर्तुळ काढलं, की पहिल्या बाकावरच्या पोरांनी आपसूक माना मागे घेतल्या.

“हे कलिंगड. शंभर किलोचं. आमच्या गच्चीवर फुटक्या बादलीत लावलं होतं.”

वर्गात खसखस पिकली.

“हसू नका. पाणी घालायला विसरलो म्हणून एवढंसंच राहिलं, नाहीतर गच्ची खाली आली असती.”

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गणिताच्या बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग नाद सोडला. सोमवारी वार्षिक परीक्षा. सगळ्या शाळांना एकच पेपर, चार पर्याय, बरोबर पर्यायाचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा आणि पुढचा निवाडा मशीन करणार. सराव पेपर सोडवून सोडवून सातवीची पोरं पार आंबून गेली होती. बसमध्ये साडेएकतीस माणसं बसली, असं उत्तर आलं तरी गोल काळा करून मोकळी व्हायची. त्या अर्ध्या माणसाची दया एकालाही यायची नाही. शेवटी बाईंनी आपल्या लहानपणच्या गणिताच्या सरांना घरून उचलून आणलं. सर केव्हाच निवृत्त झालेले, पण थापा मारण्यातून निवृत्त व्हायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

आणि बाईंनी त्या थापाच कामाला लावल्या. नियम साधा होता. गोष्टीत मीठमसाला कितीही असो, तो माफ. पण प्रत्येक गोष्टीत एक थाप अशी, जी हिशेबात बसत नाही. ती पकडायची आणि उभं राहून ओरडायचं, “थाप!” खडू सरांच्या हातात आहे तोवर गोष्ट चालू, खडू टेबलावर ठेवला की संपली. थाप नाही अशी गोष्ट सरांनी आजवर सांगितलेली नव्हती. आता घंटा व्हायच्या आधीच वर्ग भरायचा, आणि डबे उघडल्यावरही पोरं एकमेकांच्या गोष्टींचे हिशेब करत बसायची.

सगळी ओरडायची, एक सोडून. ती खिडकीजवळ बसायची. वर्गानं तिचं नाव खोडरबर ठेवलं होतं, कारण तिचा गोल आधी बरोबर असायचा. मग ती शेजारी बघायची, पुढे बघायची, आणि खोडायची. दोन्ही सराव परीक्षांत तिचा कागद धुरकट होऊन आला. खोडलेला डागही मशीनला उत्तरच वाटतं. दोन उत्तरं दिसली की गुण शून्य. सोमवारी तेच झालं तर बाकीचे आठवीत जातील आणि ही याच बाकावर राहील, असं मुख्याध्यापकांनी तिच्या आईला सांगितलं होतं. तिच्यादेखत.

“सर, येतं हो तिला सगळं,” काल जिन्यात बाई म्हणाल्या होत्या. “पण चारचौघांचं उत्तर वेगळं दिसलं की हिचा धीर सुटतो.”

“तुझाही सुटायचा,” सर म्हणाले होते, आणि कठड्याला धरून उतरत गेले होते.

आता ते फळ्यापुढे येरझाऱ्या घालत होते.

“तर कलिंगड हातगाडीवर घातलं. चौकात आलो तर ट्रॅफिक पोलिसानं सगळी वाहतूक थांबवून मला सलाम ठोकला. त्याला वाटलं, मंत्रीच उतरला गाडीतून.”

“मीठमसाला!” पोरं ओरडली.

“शाबास. पुढं प्रयोगशाळा. तिथल्या बाईंनी सुई टोचली, बघितलं, म्हणाल्या, काका, यात नव्व्याण्णव टक्के पाणी आहे.” सरांनी वर्तुळात मोठ्ठे ९९ लिहिले. “मी म्हटलं, असू दे, तहान लागलीच आहे. पण चहाला गेलो आणि कलिंगड उन्हात विसरलो. परत येऊन बघतो तो पाणी उडालेलं! पुन्हा सुई टोचली. आता पाणी अठ्ठ्याण्णव टक्के. गाडी ढकलायला गेलो तर अशी हलकी, अशी हलकी! काट्यावर चढवलं. वजन भरलं...” सरांनी आवाज इतका खाली आणला, की मागची पोरं बाकांवरून उठली. “...पन्नास किलो!”

“थाप!”

खिडक्यांची तावदानं हादरली. भोंगा नावाचा पोरगा, ज्याला बोलायला कधी माइक लागला नाही, बाकावरच चढला.

“सर, धडधडीत थाप! एक टक्का पाणी गेलं, म्हणजे एक किलो गेलं! नव्व्याण्णव किलो भरायला पाहिजे! बाकीचं काय पोलिसानं खाल्लं?”

हशा उसळला.

“खाली उतर, कलिंगडासारखा फुटशील,” सर म्हणाले. “आता सगळ्यांनी कागद काढा. पन्नास किलो ही थाप वाटत असेल तर ‘अ’चा गोल काळा करा. खरं वाटत असेल तर ‘ब’चा. शेजाऱ्याच्या कागदात नाक खुपसायचं नाही.”

पेन्सिली खरखरल्या. बाई बाकांमधून चालत निघाल्या. अ. अ. अ. भोंग्यानं तर एवढा दाबून काळा केला होता, की कागदाला भोक पडायचं बाकी होतं. खिडकीजवळ येऊन त्या थबकल्या. तिथे ‘ब’ होता. नीट, काठोकाठ भरलेला. आणि त्यावर खोडरबर आडवा धरलेला.

 बाईंना बोलायची सोय नव्हती.

“खिडकीजवळची,” समोरून आवाज आला. “तो पांढरा ठोकळा खाली ठेव आणि उभी राहा. काय केलंस?”

ती उभी राहिली. खोडरबर मुठीतच होता.

“‘ब’,” ती म्हणाली.

“आँ?” भोंगा पूर्ण वळला. “अगं, वेडी की काय!”

“तिला बोलू दे रे, तुझी बॅटरी वाचव,” सर म्हणाले. “बोल बाळ. कलिंगडाचं निम्मं वजन गेलं कुठे?”

ती आधी बाकाशीच बोलली. मग जरा वर.

“पाणी बघायचंच नाही. पाणी सोडून जे असतं... चोथा, बिया, साल. ते आधी एक किलो होतं. शंभरात एक.”

“बरं.”

“ते उन्हानं उडत नाही. ते एक किलोच राहणार. पण आता पाणी अठ्ठ्याण्णव टक्के, म्हणजे ते शंभरात दोन झालं.” तिनं हवेत बोटानं काहीतरी लिहिलं. “शंभरात दोन, म्हणजे पन्नासात एक. ते एक किलो असेल तर सगळं कलिंगड पन्नास किलोचंच पाहिजे.”

 कुणीतरी ओठांतल्या ओठांत ‘पन्नासात एक’ म्हणालं. बाईंनी हातातल्या सराव पेपरच्या मागे भराभर मांडून पाहिलं. एक भागिले पन्नास. दोन टक्के. बरोबर!  पोरगी चाळीस तोंडांसमोर एकटी उभी होती आणि एकटीच बरोबर होती. बाई टाळी वाजवणार, तेवढ्यात सरांनी चष्मा कपाळावर चढवला. चेहरा लांब केला. लहानपणी जो चेहरा पाहून बाई बरोबर उत्तरही खोडायच्या, तोच.

“चुकलीस,” सर म्हणाले.

वर्गानं एकच जल्लोष केला. भोंगा पुन्हा बाकावर. “बघा! मी म्हटलं नव्हतं? नव्व्याण्णव!” मागच्या पोरांनी बाक बडवायला घेतले.

बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या लाल पेनानं ‘५०’वर आडवी रेघ मारून झाली होती. कधी मारली, ते त्यांनाही कळलं नव्हतं. हिशेब अजून तसाच होता, बरोबर. फक्त उत्तर मेलं होतं. त्यांनी पेन घाईघाईनं टोपणात खुपसलं, जणू कुणी पाहिलं असतं.

खिडकीजवळ ती अजून उभी होती. तिनं शेजारणीच्या कागदाकडे पाहिलं. पुढच्याच्या कागदाकडे पाहिलं. मूठ उघडली, खोडरबर चिमटीत धरला आणि ती वाकली. बाईंना वाटलं, धावत जाऊन तिचा हात धरावा. पण त्यांना स्वतःचाच हात धरता आला नव्हता.

खोडरबर कागदापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

तिनं मान वर केली. फळ्यावरच्या वर्तुळाकडे पाहिलं. त्यातल्या नव्व्याण्णवकडे पाहिलं. मग रिकाम्या टेबलाकडे, आणि मग सरांच्या हाताकडे. खूप वेळ पाहत राहिली. बाक बडवणारे हात एकेक करून थांबले.

“सर,” ती म्हणाली, “या गोष्टीतले सगळे आकडे बरोबर आहेत.”

“मग?” सरांचा चेहरा तसाच लांब. मिशीचं एक टोक मात्र हललं.

“मग थाप अजून यायची होती. आणि खडू अजून तुमच्या हातातच आहे.”

तिनं खोडरबर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दोन्ही हात बाकावर टेकवून, वर्षभरात पहिल्यांदा, भोंग्यालाही लाजवेल अशा आवाजात ती ओरडली,

“‘चुकलीस’! थाप!”